शास्त्रवाचनात चुकलास म्हणून

बाळा, रविवारी चर्चमध्ये बायबलचा भलताच अध्याय वाचलास, मागच्या बाकावरची पोरं हसली, म्हणून आता भुसावळला उपासनेलाच यायचं नाही? असं करू नकोस. लाजेनं घरी बसणं, हीच नवख्यांची खरी चूक.

आधी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय सावकाश वाच. त्याआधी, शिष्य पेत्रानं प्रभू येशूला तीनदा नाकारलं, तेव्हा पेत्र कोळशाच्या शेकोटीपाशी शेकत होता. पुढे किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, सोबत भाकर. येशू पेत्राला नि सोबत्यांना आधी न्याहारीला बोलावतो. मग पेत्राला तीनदा प्रेमाबद्दल विचारतो, त्याच्यावर आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवतो. मला तो विस्तवच फार धीर देतो.

मग दोन गोष्टी:
- लाज वाटली ते प्रार्थनेत जसंच्या तसं सांग.
- चर्चच्या पाळकांकडून पुढचं वाचन मागून घे.

पानात खूण घाल, घरी मोठ्यानं वाच. रविवारी मी पुढच्याच बाकावर बसेन.