ठरलेल्या वारी जात राहा

प्रिय,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

नाताळात ससून रुग्णालयात फळं वाटायला अख्खा तरुण संघ होता आणि आता बुधवारी तू एकटाच जातोस, हे वाचून वाईट वाटलं. तुझाही उत्साह ओसरलाय, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, असं लिहिलंस. तरी जातोस ना? मग विश्वास आटला असं मी मानणार नाही. आपल्या विश्वासाची साक्ष देणाऱ्याला आपल्या चर्चमध्ये पुढे बोलावतात, दर आठवड्याला डबा पोचवणाऱ्याला कुणी विचारत नाही. ही आपली उणीव आहे. तिचा भार तू मनावर घेऊ नकोस.

वॉर्डात काय बोलावं कळत नाही, म्हणतोस. बोलू नकोस. लांबच्या गावाहून आलेल्या नातेवाइकाला हातातला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा ते ठाऊक नसतं, त्याच्याबरोबर रांगेत उभा राहा. खाटेवरच्या माणसाच्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका मात्र देऊ नकोस. दुखणाइताला नाही म्हणणं जड जातं, त्या अडचणीचा फायदा आपण घ्यायचा नाही. त्यानं आपणहून विचारलं, तर ख्रिस्ताविषयी मोकळेपणानं सांग. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाच. यहूदा हा शिष्यच आपल्याला शत्रूंच्या हाती धरून देणार हे ठाऊक असूनही प्रभूनं त्याचे पाय धुतले. फळ दिसेल तिथंच सेवा करायची असती, तर ते पाय वगळले असते.

एखाद्या शनिवारी दौंडच्या गाडीनं केडगावला जाऊन ये. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आजही आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली त्यांनी आणल्या, हे सगळे सांगतात. मला त्यांची पुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल असावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं भाषांतर करत बसल्या. मुक्तीतल्याच बायका छपाईचे खिळे जुळवायच्या. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये.

शब्द सुचत नसतील तेव्हा एखादं स्तोत्र मोठ्यानं वाच. दाविदाचे शब्द उसने घ्यायला हरकत नाही. प्रभुभोजन चुकवू नकोस. थकवा आलाय हे पाळकसाहेबांना स्पष्ट सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणखी कामं अंगावर घेऊ नकोस, हा एक बुधवार पुरे. पण तो परीक्षेच्या आठवड्यातही पाळ, अर्धा तास का होईना. तू येशील म्हणून कुणीतरी दाराकडे बघत असतं.

प्रभूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं, तेव्हा एकट्यानं जाणं आता पुरे. संघातल्या सगळ्यांना निरोप धाडू नकोस, त्याला कुणी उत्तर देत नाही. एकाच्याच घरी जा, समोर बसून विचार. कोण तयार झालं ते मला कळव. पुढच्या बुधवारपासून तुम्हा दोघांसाठी नाव घेऊन प्रार्थना करीन.

तुझा,
काका