पाणबुड्या डॉल्फिनच्या आवाजात एकमेकींना गुप्त निरोप पाठवू शकतात, हे खरं आहे का?

खरं आहे. पण निरोप चार-दोन शब्दांचाच असणार. फोटो-व्हिडिओ विसरा.

मी काही वर्षं सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसलोय. उथळ, उबदार पाण्यात हेडफोन लावला की आधी कानावर येते ती चिमुकल्या कोळंबीची तडतड, अगदी फोडणीतल्या मोहरीसारखी. त्यातच एखादी शिट्टी, मागोमाग टिकटिक आली, की 'जनावर आहे' म्हणून आपण पुढे सरकतो. ड्यूटी संपत आली असेल तर नक्कीच. सगळी युक्ती ऐकणाऱ्याच्या या सवयीवर उभी आहे. एरवी गुप्त निरोप समुद्राच्या गोंगाटाखाली दाबून पाठवतात, मग तो लांब पोचत नाही. इथे आवाज खुशाल मोठा ठेवायचा, फक्त सोंग डॉल्फिनचं.

चीनमधल्या हार्बिन अभियांत्रिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली अशी पद्धत मांडली. डॉल्फिनची शिट्टी म्हणजे 'सावध, निरोप येतोय'. पुढच्या टिकटिकीत दोन टिकांमधलं अंतर कमी-जास्त करून माहिती भरायची. समजा, ५० मिलिसेकंद म्हणजे शून्य आणि ५२ म्हणजे एक (आकडे माझे, समजण्यापुरते). पण पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे २ मिलिसेकंदांत जेमतेम ३ मीटर. तळावर आपटून येणारा प्रतिध्वनी तेवढाच लांबून आला तरी शून्याचा एक होऊन बसतो!

अमेरिकी नौदलाच्या 'कॉम्बो' प्रकल्पाने १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅटालिना बेटाजवळ असाच प्रयोग केला होता. पाणबुडीचं नाव 'डॉल्फिन' आणि आवाज पायलट व्हेलचे, आता बोला.

माझ्या मते खरी गोची सोंग वठवण्यात आहे. डॉल्फिन पोहताना वळतो, तसा त्याचा आवाज चढतो-उतरतो. सोबत कळपही असतो. एकच रेकॉर्डिंग हुबेहूब पुन्हा वाजलं तर संगणक ते लगेच पकडेल. आणि ती जात त्या समुद्रात मुळात असायला तर हवी.

उलटंही होतं बरं का. स्वीडनच्या नौदलाला आपल्या पाण्यात परक्या पाणबुड्या फिरतात असा दाट संशय होता, टेपवर आवाजही होते. नव्वदच्या दशकात संशोधकांनी तपासलं, तर त्यातला एक आवाज हेरिंग माशांच्या थव्याचा निघाला. मागच्या बाजूने हवा सोडत होते बिचारे.