वरचं दूध लावायची घाई नको

प्रश्न : ताई, बाळ सहा महिन्यांचं झालंय. सोमवारपासून अंबड एमआयडीसीत ड्युटी, घर पंचवटीत. सासूबाई म्हणतात, ‘आता वरचंच दूध लाव.’ काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, अंगावरचं इतक्यात तोडू नकोस. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळणं हा कायद्याने तुझा हक्क आहे. एचआरला आजच लेखी कळव आणि आतून कडी लागणारी खोली माग. बाथरूममध्ये बसून दूध काढायची वेळ कुठल्याच आईवर येऊ नये!

काढलेलं दूध झाकणाच्या स्वच्छ डबीत फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. घरी नेताना बर्फाची पिशवी लागेल. सासूबाईंना मात्र नीट दाखव : डबी कोमट पाण्यात धरायची, दूध उकळायचं नाही. सवयीने हात गॅसकडे जातोच. पाजायला वाटी-चमचा पुरे. जोडीला नाचणीची पेज, मऊ भात सुरू कर.