पृथ्वी म्हणजे ज्वारीचा दाणा धरा आणि चालायला लागा

सहावीतल्या मुलीला सूर्य, पृथ्वी आणि अणू यांच्या आकारांतला फरक दाखवायला चांगलं अ‍ॅप कोणतं, असं तुम्ही विचारलंय. सोलापुरात राहता असंही लिहिलंय. मग घरात ज्वारी असणारच, अ‍ॅप राहू द्या. बोटाने पडदा सरकवून अंतर कळत नाही, पाय दुखले की कळतं.

मालदांडी ज्वारीचे टपोरे दाणे निवडा. दहा दाणे पट्टीला लावून ठेवा. ओळ ४ सेंटिमीटर भरली की एक दाणा ४ मिलिमीटरचा. ही पृथ्वी. आता १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ३,१८५ किलोमीटर, आणि हे माप शेवटपर्यंत बदलायचं नाही. सूर्य येतो ४४ सेंटिमीटर व्यासाचा, पिवळ्या कार्डशीटची चकती पुरते. चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा जेमतेम १ मिलिमीटरचा दाणा, ज्वारीपासून १२ सेंटिमीटरवर. सूर्याची चकती मात्र ४७ मीटर लांब लावायची.

शाळांमधला तो तक्ता, ज्यात आठही ग्रह मण्यांसारखे शेजारी शेजारी ओवलेले असतात, तो मला म्हणूनच मान्य नाही. आकार एका मापाने, अंतर भलत्याच. कागदावर मावत नाही, हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकतोय. अहो, मावत नाही हेच तर पोरांना कळायला हवं!

माप बरोबर बसलंय का, ते तपासता येतं. ज्वारीच्या दाण्यापाशी उभं राहून चकतीकडे बघा. ती पौर्णिमेच्या चंद्राएवढीच दिसली पाहिजे, साधारण अर्धा अंश. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या निम्म्या रुंदीत चकती बसते. (खऱ्या सूर्याकडे बघून तुलना करू नका.) आता राजगिरा सुईच्या टोकाला चिकटवून डोळ्यापासून १२ सेंटिमीटरवर धरा. ग्रहण दिसायला हवं, पण दिसत नाही. डोळ्याची बाहुली ३-४ मिलिमीटरची आणि दाणा १ मिलिमीटरचा, त्यामुळे उजेड कडेने आत येतो. कागदाला टाचणीने बारीक छिद्र पाडून त्यातून बघा, दाणा थोडा जवळ घ्या, चकती जवळजवळ झाकली जाते. बाहुली इथे जवळपास पृथ्वीएवढीच आहे. खग्रास ग्रहण सगळ्या पृथ्वीवरून एकदम का दिसत नाही, अरुंद पट्ट्यातूनच का दिसतं, ते मुलीला इथे आपोआप उमगेल.

पुढे चला. आता सगळी अंतरं सूर्याच्या चकतीपासून मोजायची. मंगळ ७१ मीटरवर, तो क्रिकेटच्या मैदानात मावतो. गुरू म्हणजे साडेचार सेंटिमीटरचं लिंबू, २४४ मीटरवर. शनी ४४८ मीटरवर. नेपच्यून दीड सेंटिमीटरचा, १.४ किलोमीटरवर. त्यासाठी होटगी रस्त्याच्या कडेने पहाटे, रहदारी नसताना जा. अंतर ३० मीटरच्या टेपने मोजा. सुतळी ताणते, आणि पोरं दमली की पावलं आखूड पडतात. दाणे वाऱ्याने उडतात, ते काळ्या कागदावर फेविकॉलने चिकटवा. या मापात प्रकाश सेकंदाला ९.४ सेंटिमीटर सरकतो. सूर्याच्या चकतीपासून ज्वारीपर्यंत तेवढ्याच वेगाने चालायला लावा. आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, म्हणजे सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला खरोखर जेवढी लागतात तेवढीच. सूर्य सोडून सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा, याच मापात १२,६०० किलोमीटरवर येतो. सोलापुरातून सरळ खाली, पृथ्वीच्या पोटातून पलीकडे निघेपर्यंत.

व्यास आणि घनफळ यांची गल्लत होऊ देऊ नका. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट, पण घनफळ १३ लाख पट. हजार दाण्यांचं वजन ३० ते ३५ ग्रॅम धरलं, तर १३ लाख दाणे म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो ज्वारी. जवळपास अर्ध्या क्विंटलचं पोतं आणि त्यासमोर एक दाणा.

बारीक गोष्टींसाठी माप उलटं. सोलापुरी चादरीची एक दशी ओढा, पीळ उलगडा आणि कापसाचा एकच तंतू वेगळा काढा. तो १५-२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. हजार पट मोठा केला तर दीड-दोन सेंटिमीटर. याच मापात डोक्यावरचा केस ७ सेंटिमीटर, रक्तातली तांबडी पेशी ७-८ मिलिमीटर, जिवाणू २ मिलिमीटर लांब, विषाणू ०.१ मिलिमीटरचा ठिपका. ज्वारीचा दाणा मात्र ४ मीटरचा होतो.

अणू इथेही दिसत नाही, त्याला वेगळं माप लागतं. हायड्रोजनचं केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं, तर अख्खा अणू अडीचशे मीटर व्यासाचा. दाणा शेताच्या मधोमध ठेवून सव्वाशे मीटर चालत जा. फक्त इलेक्ट्रॉनच्या जागी दुसरा दाणा ठेवून तो फिरवू नका. तो ग्रहासारखा फिरत नसतो, त्या सगळ्या जागेत पसरलेला असतो.

आणि हो, ग्रह कधीच असे एका रेषेत उभे नसतात. आपण चालायच्या सोयीसाठी त्यांना रस्त्याकडेला लावतोय, हे मुलीला आधीच सांगा.