दुसऱ्या समाजाचे, गावाचे फोटो काढताना ते उपऱ्याने काढल्यासारखे दिसू नयेत यासाठी काय करावं?

आधी फोटोग्राफर गौरी गिल यांचं पालघर जिल्ह्यातलं काम बघा असं मी सांगेन, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडतं.

वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या गंजाड गावात (डहाणूजवळ) गिल यांनी २०१३ मध्ये काम सुरू केलं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, चांगलेच होते, पण वांगड त्या डोंगराच्या, झाडाच्या, वाटेच्या ज्या गोष्टी सांगायचे, इथे कोण राहायचं, काय घडलं, देव कुठला, त्यातलं फोटोत काहीच उतरत नव्हतं. मग वांगडांनी त्याच फोटोंवर वारली चित्रं काढली, आणि ते काम दोघांचं म्हणून ओळखलं जातं. मला हे फार मोठं वाटतं.

पुढे २०१५ पासून जव्हारला. तिकडे बोहाडा या उत्सवात मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात हे तुम्हाला माहीत असेल. गिल यांनी मुखवटे करणाऱ्या सुभाष आणि भगवान कडू या भावांना सांगितलं की देव नकोत, आजच्या जगण्यातले मुखवटे करा. मग कागदाच्या लगद्यापासून माणसांचे, प्राण्यांचे, रोजच्या वस्तूंचे चेहरे झाले आणि गावातलेच लोक ते घालून घरात, दुकानात, दवाखान्यात रोजच्यासारखे बसले. आदिवासी म्हटलं की आपल्या डोक्यात जो ठरलेला फोटो येतो ना, तो इथे कुठेच नाहीये.

मी स्वतः एका कोळीवाड्यात फोटो काढत होतो, मला बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यापुढे एक मावशी अशी फ्रेम हवी होती. मावशी म्हणाल्या, "ह्या अवतारात नको रे, थांब." घरात गेल्या, चांगलं लुगडं नेसून आल्या आणि थेट होडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, कारण होडीवर त्यांच्या सासूचं नाव होतं. मला तेव्हा वाटलं की आपला फोटो गेला. पुढच्या वेळी प्रिंट घेऊन गेलो तर आधी सगळ्या गल्लीला दाखवून आल्या, मग मला आत बोलावून सासूचा एकुलता एक जुना फोटो काढून दिला, म्हणाल्या याचाही मोठा करून आण. त्या घरातलं माझं काम खरं तिथून सुरू झालं.