विक्रम, वेताळ आणि हद्दपार राजकन्या

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी सध्या रोशनी चोक्षी यांची ‘अ क्राउन ऑफ विशेस’ ही इंग्रजी कादंबरी वाचते आहे. त्यात विक्रम, वेताळ, कुबेर, विषकन्या असे सगळे आहेत, पण आपल्या कथांतल्यासारखे कुणीच नाही. अशा मोडतोडीमुळे मुलांच्या मनात मूळ कथांविषयी गोंधळ होणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कादंबरी तिला निःशंकपणे वाचू द्यावी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची नायिका गौरी ही लढवय्यी राजकन्या आहे. सिंहासनावरील भावाशी वैर पत्करल्यामुळे ती स्वतःच्या राज्याला मुकते, शत्रूच्या कैदेत पडते आणि त्याच शत्रुराज्याच्या विक्रम या राजपुत्राबरोबर कुबेराच्या अलका नगरीतील स्पर्धेत उतरते.

आपण ज्याला मूळ म्हणता, तेही एकरूप नव्हते. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाला खांद्यावर घेणारा राजा उज्जैनचा विक्रम नसून गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे, शिवदास आणि जंभलदत्त यांनी याच कथा आपापल्या परीने पुन्हा सांगितल्या. ‘मुद्राराक्षसा’त चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या पर्वतकाचा जीव घेते, पण तिला स्वतःला काय वाटले हे नाटककार विचारीत नाही. चोक्षी यांनी आशा नावाच्या विषकन्येला स्वतःचे मन आणि स्वतःची प्रकरणे दिली, ही मला या कादंबरीची सर्वांत मोलाची बाजू वाटते. ‘मेघदूता’त कुबेराच्या शापामुळे अलकेला दुरावलेला यक्ष रामगिरीवर, म्हणजे बहुतेकांच्या मते नागपूरजवळच्या रामटेकवर, वर्षभराची शिक्षा भोगतो; येथे देशाला मुकलेली मुलगी त्याच अलकेत आपले राज्य परत मागायला जाते. परंपरेशी असे नाते जोडायला ती चांगली ठाऊक असावी लागते.

उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. गौरीच्या युद्धकौशल्याचा जितका उल्लेख होतो तितके ते प्रसंगांतून दिसत नाही, आणि ज्या राज्यासाठी ती झुरते त्याच्या प्रजेचे चित्र फारच पुसट आहे.

मुलीला वेताळपंचविशीचे एखादे चांगले मराठी भाषांतरही आणून द्यावे. काय बदलले आहे ते तिचे तिलाच ओळखता येईल. २०१६ सालचा ‘द स्टार-टच्ड क्वीन’ हा आधीचा भाग गौरीच्या सावत्र बहिणीचा, मायाचा आहे. तो वाचलेला नसला तरी अडत नाही.