रंग गेला, पण प्रदूषक गेलं का?

प्रश्न : मी बीएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात लोहयुक्त सिरॅमिकच्या गोळ्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून मिथिलीन ब्ल्यूचं निळं पाणी तासाभरात रंगहीन केलं. याच विषयात पुढे जायचंय. एमएस्सी करू, मटेरियल सायन्स घेऊ की पर्यावरण अभियांत्रिकी?

उत्तर : अभिनंदन! पण आधी थोडी उलटतपासणी. रंगद्रव्य खरंच मोडलं, की नुसतं गोळ्यांना चिकटून बसलं? पेरॉक्साइड न घालता नुसत्या गोळ्या टाकून पाहिल्यास का? आणि मोडलं असलं तरी त्याचे रंगहीन तुकडे पाण्यात उरतात, म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, काढणार असशील तर जपून. उरलेलं पेरॉक्साइड आकडा फुगवतं. (यात भलेभले फसतात.)

आता एक प्रयोग कर. निम्मा रंग उतरला की गोळ्या बाहेर काढ आणि पाणी गाळून तसंच ठेव. रंग पूर्वीच्याच वेगाने उतरत राहिला, तर काम गोळी करत नाहीये, तिच्यातून सुटलेलं लोह करतंय. म्हणजे रसायनशास्त्रज्ञ फेंटनने १८९४ मध्ये नोंदवलेली, विरघळलेल्या लोहाची आणि पेरॉक्साइडची जुनीच क्रिया. तिला पीएच ३ च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी पाणी लागतं, आणि नंतर पाणी उदासीन केलं की लोहाचा गाळ बसतो. तो गाळ टाळण्यासाठीच तर लोह सिरॅमिकमध्ये बांधायचा खटाटोप!

मग त्याच गोळ्या धुऊन पाच वेळा वापर. कामगिरी घसरेल, तेव्हा तुझ्या डोक्यात पहिला प्रश्न कोणता येतो ते बघ. लोह कोणत्या रूपात गेलं, रंग मोडणारे अतिक्रियाशील कण, म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल, कमी का झाले, असं वाटलं तर एमएस्सी. गोळीला तडा का गेला, भट्टी जास्त तापवली तर ती मजबूत होईल पण छिद्रं बुजतील का, हे छळत असेल तर मटेरियल सायन्स. रोज हजारो लिटर पाणी यातून कसं काढायचं आणि पेरॉक्साइडचा खर्च कसा भागवायचा, हे सुचलं तर अभियांत्रिकी. मात्र बीएस्सीवरून तिथे थेट प्रवेश मिळतो का, ते आधी तपास.

माझा कल एमएस्सीकडे. विश्लेषणाची उपकरणं हाताखालून गेली की नंतर दोन्हीकडे वळता येतं, आणि तुझ्या गोळ्यांसारख्या नुसत्या उत्प्रेरकांवरच्या (क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवरच्या) नोकऱ्या मोजक्या असल्या तरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत हेच कौशल्य चालतं. प्रवेश घेण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना एवढं विचार : उपकरणं तुम्ही स्वतः चालवलीत, की नमुना देऊन फक्त आलेख घेतलात?